मोगल आणि भंडारीण

मुखरूच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला रोज ताजा बुक्का, आणि अख्खं गडचिरोली त्याला मोगल म्हणायचं. दोष त्याच्या गावाचा. वर्धा नदीपलीकडचं राजुरा निजामाच्या राज्यात. इकडचे लोक त्या मुलखाला मोगलाई म्हणत. तिथून येऊन त्यानं कचेरीसमोर खानावळ टाकली आणि त्याच दिवशी तो मोगल झाला. पुढे निजामाचं राज्य गेलं, मुखरूचं नाव काही गेलं नाही.

सत्तावन्न सालच्या एप्रिलात गद्रे नावाचे कारकून वाईहून बदलून आले. कचेरीतल्या दादाजी शिपायाला त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "इथे शाकाहारी जेवण कुठे मिळेल?"

"समोर मोगलाची खानावळ आहे ना जी. एक नंबर."

गद्रे दचकले. "नको, नको. दुसरं कोणी?"

"मंग भंडारिणीचा डबा लावून देतो."

कोकणातले भंडारी गद्र्यांना ठाऊक होते. चालेल म्हणाले, फक्त मांसमच्छी नको आणि भांडी वेगळी, एवढं बजावलं.

दादाजीनं हे सगळं खानावळीत येऊन सांगितलं तेव्हा मुखरूच्या हातातला झारा तसाच राहिला. कारण भंडारीण म्हणजे त्याची शेजारीण खैरुन. भंडाऱ्याहून लग्न होऊन आली म्हणून भंडारीण. नवरा वारल्यावर डबे करून दोन लेकरं पोसत होती. दादाजीला यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. गावात कोणाला वाटलं असतं?

रोज दुपारी खानावळीवरून डबा जाई आणि मुखरू चडफडे. सांगून टाकावं, असं शंभरदा मनात आलं. पण खैरुनची लेकरं डोळ्यांपुढे येत, आणि तो वरणात उगाच डाव फिरवत बसे.

ईदच्या दिवशी मात्र त्याचा तोल गेला. तो कचेरीत गेला तेव्हा ओसरीवर गद्रे वाटीतली शेवयांची खीर चाटूनपुसून खात होते. त्यात झाडीतली चारोळी, वर खारीक.

"या मोगलमियाँ!" मोगल आल्याचं दादाजीनं सांगताच गद्रे वाटीतून मान वर न काढता खुशीत म्हणाले. "आमच्या भंडारीणबाईंची खीर बघा. आज कसला सण आहे हो तुमच्याकडे?"

"मी मियाँ नाई जी! मी मुखरू. राजुऱ्याचा आहो म्हणून मोगल म्हणतेत मले. अन् ईद माह्याकडं नाई, तिच्याकडं आहे. खैरुन नाव आहे तिचं!"

गद्र्यांचा चमचा हवेत थांबला. चेहरा पांढरा पडला. तो पाहून मुखरूनं जीभ चावली. आता डबा बंद होणार. आपणच केलं हे.

"पण जी," तो घाईनं म्हणाला, "तुमची चूल येगळी ठेवली तिनं. भांडे नवे घेतले. रोजा होता, मीठ चाखता येत नव्हतं, तर चव पाहाले शेजारच्या रुखमाले बोलावत होती. असा डबा अख्ख्या जिल्ह्यात भेटणार नाई तुमाले!"

गिऱ्हाईक स्वतःकडे ओढायला आलेला माणूस दुसरीची तरफदारी करत घामाघूम झाला.

गद्रे चमचा वाटीत ठेवून सावरून बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही मोगल नाही आणि त्या भंडारी नाहीत. इथे माणसाला त्याच्या नावानं कोणी हाक मारतं की नाही?"

"मारतेत ना जी. घरचे."

गद्र्यांना ठसका लागला. तो हसण्याचा आहे हे मुखरूला जरा उशिरा कळलं. उरलेली खीर त्यांनी संपवली, वाटी स्वतः विसळली, आणि वाईला हे कळवायचं नाही असं बजावलं. वाईला कळवणार कोण, हे मुखरूला उमजेना, तरी त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गद्रे खानावळीत येऊन पाटावर बसले. संध्याकाळचा डबा मात्र खैरुनकडूनच यायचा होता. दोन घास खाऊन ते म्हणाले, "वरण ठीक आहे. पण भंडारीणबाईंच्या..."

"खैरुन म्हणा जी," मुखरू गुरगुरला आणि त्यांच्या पानात आणखी एक डाव वरण ओतलं.