किसनभाऊची जागा

हिवरखेडची थंडी कशी असते, हे अकोल्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तिकडं नुसती हवा गार होते. इथं सातपुड्यावरून उतरलेला वारा सकाळी दहापर्यंत माणसाची हाडं मोजत फिरतो. हा बिल्कीसचा लाडका सिद्धांत होता. २००६ च्या त्या जानेवारीत तिनं तो इतक्यांदा मांडला, की शेजारची पंचफुला वैतागली. अकोल्याला जायचं नाही तर मुलाला तसं सरळ सांग, थंडीच्या नावावर कशाला बिल फाडतेस, असं ती म्हणाली.

पण आता सांगून उपयोग नव्हता. शाकीबनं अकोल्यात आईसाठी खोली बांधली होती आणि गावातलं घर मोबाइलच्या दुकानासाठी देऊनही टाकलं होतं. सोमवारी सामानाला टेम्पो येणार होता, आणि आज रविवार होता.

रविवारी सकाळी दोघी टीव्हीसमोर बसायच्या. हा नेम अठरा वर्षांचा. बिल्कीसचा नवरा ताहेर पिंजारी, गाद्या-रजया भरणारा. एका हिवाळ्यात धंदा तेजीत आला तेव्हा त्यानं लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. गल्लीतला पहिला. मग काय, देवादिकांची मालिका बघायला अख्खी गल्ली पिंजाऱ्याच्या घरात. बायका अंघोळी उरकून यायच्या, एक म्हातारी तर टीव्हीला कुंकू लावायची आणि बिल्कीस ते सोमवारी ओल्या फडक्यानं पुसायची. दोघींचाही धर्म शाबूत राहिला. पुढं घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि गल्ली पांगली. केबलवर जुन्या मालिका पुन्हा लागू लागल्या, पण त्या ह्या पेटीत बघणाऱ्या दोघीच उरल्या.

आणि तिसरा किसनभाऊ, म्हणजे पंचफुलाचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तो सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाची वाट लागली तशी जिनिंगही दोन हंगाम बंद पडली. त्या काळात तालुक्यात कुठून ना कुठून रोज एक बातमी यायची, आणि लोक ती ऐकून चहा पुरा करायचे, इतकी सवय झाली होती. अशाच एका जानेवारीतल्या रविवारी किसनभाऊ मालिका अर्धी टाकून उठला आणि जिनिंगच्या बंद फाटकाशी जाऊन फवारणीचं औषध प्याला. पुढच्याच रविवारी, मालिकेचं संगीत सुरू झालं तशी बिल्कीसची नजर दाराजवळच्या खांबाकडं गेली. किसनभाऊ आपल्या जागी बसला होता, नेहमीसारखा, गुडघे पोटाशी घेऊन. मालिका संपली तसा दिसेनासा झाला. तेव्हापासून एक रविवार चुकला नाही.

पहिले तीन रविवार बिल्कीसनं भूतबाधेवर म्हणतात ती कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली. त्यानं ती जाहिरातीसारखी शांतपणे ऐकून घेतली. चौथ्या रविवारी तिनं नाद सोडला.

पंचफुलाला हे सांगायचं तर पंचाईत होती. ते घर बाबासाहेबांचं. कुणी दारावर लिंबू-मिरची टांगली तर पंचफुला त्याला भर गल्लीत झापायची, तिच्यापुढं भुताचं नाव कोण काढणार? दुसरं कारण बिल्कीसनं स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं. ताहेरला जाऊन चार वर्षं झाली होती, पण तो आपल्याच घरात एकदाही दिसला नाही. आपला येत नाही आणि हिचा मात्र आपल्या घरी येतो, हे मैत्रिणीला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिला त्याची लाज वाटायची आणि मनातून रागही यायचा.

पण उद्यापासून इथं काउंटर लागणार होता आणि खांबही पाडणार होते. आज सांगितलं नाही तर किसनभाऊ पुढच्या रविवारी येऊन बसणार कुठं, ह्या विचारानं बिल्कीसला आठवडाभर झोप नव्हती.

मालिका सुरू झाली. किसनभाऊ आला. दोघींच्या नेहमीच्या गप्पा चालू होत्या. म्हातारपण काढायला कोणतं गाव बरं? अकोल्याचा उन्हाळा माणसाला पापडासारखा भाजतो. अमरावती बरी, पण तिथं माधवीचं घर तिसऱ्या मजल्यावर. ही पंचफुलाची मुलगी, शिक्षिका. आईला चार वर्षांपासून बोलावत होती आणि पंचफुला दर वेळी नवी सबब काढत होती. सेमाडोहची हवा झकास, पण शेजारी वाघ. वाघ चालेल, सून नको, असं पंचफुला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हसू ओसरलं तसं बिल्कीसनं सांगून टाकलं.

"फुलाबाई, किसनभाऊ येते इथं. दर इतवारी. त्या खांबापाशी बसते."

पंचफुलानं खांबाकडं पाहिलं नाही.

"आमच्यात भूत नसते, भाभी."

"मले मालूम आहे."

"मेलेला मानूस कुठंच येत नाही."

पडद्यावर कुणीतरी राजा कुणाला तरी वर देत होता. तो देऊन झाला, मग पंचफुलानं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "आता आहे?"

"आहे."

"अंगात स्वेटर आहे काय त्याच्या?"

बिल्कीसला प्रश्नच कळला नाही. मग पंचफुलानं हळूहळू सगळं सांगितलं. त्या सकाळी तिनं त्याचा स्वेटर धुवायला बादलीत टाकला होता. तो मागायला आला. घरात बसलेल्या नवऱ्याला ती विटली होती. ती म्हणाली, थंडीनं कोणी मरत नाही. तो तसाच टीव्ही बघायला निघून गेला. नवराबायकोचं तेच शेवटचं बोलणं. हे तिनं माधवीलाही सांगितलं नव्हतं.

बिल्कीसनं खांबाकडं पाहिलं. सहा वर्षं तिनं फक्त त्याचा चेहरा पाहिला होता. आता तिला दिसलं, की तो एका शर्टावर आहे, हात काखेत दाबलेत आणि खांदे थरथरताहेत. पिंजाऱ्याच्या घरात एक माणूस सहा वर्षं कुडकुडत बसला होता आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं. आहे म्हणावं, स्वेटर आहे, असं तिच्या ओठांवर आलं. पण पंचफुलाला आजवर ती खोटं बोलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "एका शर्टावर आहे."

पंचफुला उठली. अंगावरची शाल काढून खांबापाशी गेली आणि अडखळली. तिला तिथं नुसता खांब दिसत होता.

"जरा डाव्या अंगाले," बिल्कीस म्हणाली. "अजून थोडं. हं."

पंचफुलानं शाल पांघरली. ती फरशीवर पडली. पंचफुलाला तेवढंच दिसलं. बिल्कीसला दिसलं ते वेगळंच. किसनभाऊनं सहा वर्षांत पहिल्यांदा टीव्हीवरची नजर काढली होती आणि तो बायकोकडं बघत होता.

"चाल घरी," पंचफुला त्या पडलेल्या शालीला म्हणाली. "माहं चुकलं."

तिनं शाल उचलून छातीशी धरली आणि मागं न बघता दाराबाहेर पडली. तिच्यामागं एक पाऊल अंतर ठेवून किसनभाऊ गेला. नेहमी तसाच चालायचा.

मालिका अजून पंधरा मिनिटं बाकी होती. बिल्कीस एकटीच बसली होती. उद्या घर सोडायला आता कसलीच अडचण नव्हती, आणि त्याचंच तिला रडू आलं. तिनं डोळे पुसले, सतरंजीवर जरा सरकून बाजूला ताहेरला जागा केली.

"आता कोनी नाही घरात," ती म्हणाली. "आता तरी या."

मालिका संपेपर्यंत ती बसून राहिली. कोणी आलं नाही.