मोहाखालची बैठक

येनाचं झाड कापून झालं होतं, फक्त पडायचं राहिलं होतं. बुंध्यापासून सुटलेलं, कवेत न मावणारं ते झाड शेजारच्या मोहाच्या बेचक्यात मान टाकून तिरपं रेललं होतं. ठेकेदाराच्या दृष्टीनं कापणी पुरी झाली होती. पुढचं काम झाडानं स्वतःच्या जबाबदारीवर करायचं होतं.

सालेकशाकडच्या त्या जंगलात मोटरचा आरा आला तो अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात. गोंदियाच्या ठेकेदारानं तो कलकत्त्याहून, लढाईच्या भंगारातून उचलला होता. एक लांब लोखंडी पट्टी, तिच्याभोवती पळणारी दात्यांची साखळी, एका टोकाला पेट्रोल पिणारं इंजिन आणि दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. इंजिनाकडचं टोक मिस्त्री श्यामलाल धरायचा, दुसरं टोक जो सापडेल तो. हाताच्या आऱ्यानं अर्धा दिवस खाणारं झाड हे यंत्र एक बिडी विझायच्या आत कापायचं. नाकेदारानं, म्हणजे जंगलखात्याच्या शिपायानं, पहिल्या दिवशी यंत्राला हार घातला होता. त्याचं काम झाडांवर हातोड्याची खूण मारायचं, पण हार घालायला खात्याची मनाई नव्हती.

यंत्र आलं म्हणून झाड पाडायची रीत काही बदलत नाही. ज्या बाजूला पाडायचं तिकडून आधी खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं आणि मधे चार बोटं लाकूड राखायचं. त्या पट्टीवर झाड दारासारखं वळतं आणि नेमल्या जागी निजतं. त्याआधी वर बघायचं, शेंडा कुठं गुंतणार तर नाही ना. आणि सगळ्यात आधी मागं पळायला वाट साफ करायची. श्यामलालला हे सगळं येत होतं. पण त्या दिवशी ठेकेदाराचा मुनीम हिरालाल छत्री घेऊन दूर उभा राहून ‘जल्दी, जल्दी’ ओरडत होता, आणि कुऱ्हाडीच्या कामात पडण्याआधी झाड जे कुरकुरतं, ते इंजिनाच्या फटफटीत कुणाला ऐकू आलं नाही. राखायची पट्टीही कापली गेली. झाड जागच्या जागी फिरलं, भलत्या दिशेला गेलं आणि रुख्माच्या मोहात अडकलं. सांज झाली होती. सगळे घरी गेले.

मोह रुख्माचा, असं म्हणायची गावात पद्धत होती. जंगल सरकारचं, झाड सरकारचं, पण फुलं रुख्माची. तिच्याआधी तिच्या सासूची, त्याआधी सासूच्या सासूची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला खोडताही येत नव्हतं. मधल्या काळात राज्य बदललं, राजधानी नागपुराहून मुंबईला गेली. मोहाला ते कुणी कळवलं नाही. तो चैत्रात पहाटे फुलं टाकत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे रुख्मा टोपली घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. फुलं पडली होती, पिवळी, रसाळ, नेहमीसारखी. त्यांच्यावर येन टांगलं होतं. वाऱ्याची झुळूक आली की वर कुठंतरी लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज यायचा. रुख्मा दोन पावलं मागं सरली, आणि लगेच तिला त्या दोन पावलांचा राग आला. तिच्याकडे भीती फार वेळ भीती म्हणून टिकत नसे.

उजाडल्यावर हिरालाल आला. मागं श्यामलाल, नाकेदार आणि मजूर.

“हे का होय, मुनीमजी?” रुख्मानं विचारलं.

“झाड है, बाई.”

“ते दिसते मले. पडलं काऊन नाई?”

“पड़ेगा. तुम फूल बिनो. कुछ नहीं होता.”

“मग या, तुमीच वेचा. टोपली देऊ का?”

मजूर हसले. हिरालालनं छत्री उघडली आणि त्यांच्याकडे बघितलं. हसणं थांबलं.

हिरालालनं रात्री विचार केलेला होता. येन मोहावर अडकलंय, तर मोहच कापायचा. दोन्ही एकदम खाली. श्यामलाल म्हणाला, “मी यंत्र त्याच्याखाली नेणार नाही. झाड आलं तर मशीन दबेल.” हिरालालला हे एकदम पटलं. मशीन महाग होती.

“तो फिर कुल्हाड़ी से,” तो म्हणाला. “कवडू काटेगा. कवडू तो शेर है.”

कवडू हा रुख्माचा नवरा. धानाचा हंगाम संपला की तो ठेकेदाराकडं कापणीला जायचा. त्याला आजवर कुणी शेर म्हटलेलं नव्हतं. घरी तर तसा विषयच निघत नसे. तो मजुरांच्या मागं उभा होता. त्यानं खाली बघत मान हलवली. ती होकारासाठी हलली.

“नाकेदारसाहेब,” रुख्मा वळली, “माह्या मोहावर हातोडा हाये का?”

“मोहावर हातोडा नाही,” नाकेदार म्हणाला. “त्यामुळे तो कापता येत नाही. कापला तर मी इथं नव्हतो.” असं म्हणून तो तिथंच उभा राहिला.

रुख्मानं टोपली तिथंच टाकली. कवडूच्या मागोमाग ती घरी गेली. तो ओसरीवर बसून कुऱ्हाडीला धार लावायला लागला होता.

“मशीन दबू नये म्हून तुमी दबता का, अजी?” तिनं विचारलं.

“कोनी दबत नाई. दोन घाव घालतो अन् पळतो.”

“कोनीकडे पळता? वाट कोनती हाये?”

कवडूनं धारेवर अंगठा फिरवला. “वाट कायले लागते? तुह्यं काई तरीच. हो म्हनून बसलो मी चार मानसांत. आता नाई म्हनलं त हासतील.”

“बकारामदादालेबी हासले असते,” रुख्मा म्हणाली.

कवडूचा हात थांबला. बकाराम तिचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी केशोरीकडच्या जंगलात तो अशाच अडकलेल्या झाडाखालचं झाड कापायला गेला होता. खालचं पडलं, पण वरचं आधी आलं. ठेकेदारानं भावजयीला नारळ आणि लुगडं पाठवलं. पंचनाम्यात सगळी चूक झाडाची निघाली. झाडानं त्यावर सही केली नव्हती, एवढीच काय ती कसर.

“त्याले कोन शेर म्हनलं होतं, आठवते का?” रुख्माचा आवाज चढला. “लुगडं आनलं त्यानंच म्हनलं होतं! शेराले लुगडं लागते का? मले नोको लुगडं! घरात दोन हायेत, ते फाटेपर्यंत मले नवरा पायजे!”

शेजारीपाजारी दारात आले. कवडू म्हणाला, “हळू बोल वो.” त्यावर ती आणखी मोठ्यानं बोलली. पण कुऱ्हाड काही त्यानं खाली ठेवली नाही. हो म्हणून बसला होता बिचारा.

रुख्मा तशीच यादोराव पाटलाकडे गेली. यादोरावाच्या पूर्वजांनी गावचं तळं बांधलं होतं, आणि तेव्हापासून ते घराणं विश्रांती घेत होतं. पाटील बंगईवर झोके घेत होते.

“पाटीलजी, निवाडा पायजे. आताच्या आता.”

“कायचा?”

“मोहाचा.”

“मंग सांजच्याले चावडीवर ये.”

“मोहाचं भांडन चावडीवर? कवापासून?”

बंगई थांबली. गावची जुनी रीत होती: मोहावरून वाद झाला की पंच त्याच मोहाखाली बसत. फांदी कुणीकडे झुकते, फुलं कुठवर पडतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय निवाडा होत नसे. ही रीत पाटलांच्या आजोबांनीच घालून दिलेली होती. वाद मिटेपर्यंत त्यांनी कुणाला तिथून उठू दिलं नव्हतं, असं पाटील दर निवाड्याला सांगत.

“बरं,” पाटील म्हणाले. त्यांना अजून कुणी येनाचं सांगितलेलं नव्हतं.

रुख्मा धावतच परतली. घरातल्या होत्या तेवढ्या शिंदीच्या चटया तिनं मोहाखाली अंथरल्या, येनाच्या बरोबर खाली. मधे पाण्याचा हंडा ठेवला, वर लोटा. अंथरताना वर लाकूड घासलं की तिची मान आपोआप आत जात होती. मग ती स्वतः जाऊन मधल्या चटईवर बसली आणि पदर खोचून वाट बघू लागली.

लोक जमले. पाटील आले, पंच आले, हिरालाल आला. कवडू कुऱ्हाड घेऊन आला आणि बायकोला तिथं बघून पांढरा पडला. बाकीचे सगळे मोहाच्या सावलीच्या काठाशी येऊन असे थांबले, जणू पुढे तळ्याचं पाणी होतं.

“या जी पाटीलजी, बसा,” रुख्मा म्हणाली.

पाटलांनी वर बघितलं. “येथूनच बरं आयकू येते.”

“मले नाई येत. रागानं कान बंद झाले माह्ये. जवळ या.”

“मले गुडघ्याचा तरास हाये वो. खाली बसता येत नाई.”

“घरी त मांडी घालून जेवता,” मागून कुणीतरी बोललं. ते पाटलीणबाईंच्या आवाजासारखं होतं, पण सगळ्यांनी ते वाऱ्यावर सोडलं.

पंचांपैकी एकाला ऊन हवं होतं. दुसऱ्याला मुंग्यांची भीती वाटत होती. नाकेदार म्हणाला, “मी सरकारी माणूस, गावच्या पंचायतीत बसणं नियमात नाही.” तो आणखी दोन पावलं मागं सरून नियमात उभा राहिला.

“मुनीमजी, तुमी या,” रुख्मानं बोट केलं. “सकाळी तुमीच म्हनलं, कुछ नहीं होता. पानी घ्या एक लोटा. बसा निवांत.”

“बाई, तमाशा मत करो. काम का टाइम है.”

“कुछ नहीं होता ना?”

“नहीं होता, बोला ना!”

“मंग बसा ना!” रुख्मा ओरडली, आणि तो आवाज असा फाटला की मोहावरचे पोपट उडाले. “माहा मानूस खाली उभा राहून घाव घालते तवा काई होत नाई, अन् तुमाले बसाचं म्हनलं त टाइम नाई? छत्री घेऊन बसा! छत्री हाये ना तुमच्यापाशी? झाड आलं त उघडा!”

कुणी हसलं नाही. वर येन कुरकुरलं, लांब, घोगरं. आता इंजिन बंद होतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं. मोहाची चार-दोन फुलं रुख्माच्या डोक्यावर पडली. ती हलली नाही. खरं तर तिला हलताच येत नव्हतं. पण रागानं बसलेली बाई आणि भीतीनं बसलेली बाई लांबून सारखीच दिसते.

तेवढ्यात कवडूनं कुऱ्हाड टाकली आणि सावलीत शिरला.

“तुमी बाहेर व्हा!” रुख्मा किंचाळली.

“तू उठ, मंग होतो.”

“नाई उठत!”

“मंग मीबी बसतो.” आणि तो बसला. शेर वगैरे काही दिसत नव्हता; त्याचे ओठ सुकले होते.

 दोन माणसं झाडाखाली आहेत आणि आपण बघतोय, हे हळूहळू ज्याच्या त्याच्या लक्षात येत होतं. पाटील हिरालालकडे वळले. “मुनीमजी, तक्रार तुमच्याविरुद्ध हाये. तुमी खाली बसल्याबिगर निवाडा सुरू होत नाई. चाला, मी बसतो तुमच्या बाजूले.” असं म्हणून त्यांनी एक पाय सावलीत टाकला आणि दुसऱ्या पायाची वाट बघत उभे राहिले.

हिरालालनं श्यामलालकडे बघितलं. “मिस्त्री, तू बैठ. मेरी तरफ से.”

“मैं?” श्यामलालच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. “मी नाही बसणार! झाडाला साखळी बांधा, बुडातून मागं ओढा. हल्ये लावा, रेड्यांच्या दोन जोड्या. दुरून ओढलं की शेंडा आपोआप सुटतो. अडकलेलं झाड असंच काढतात, सगळीकडे.”

“कवापासून ठाऊक होतं तुले?” रुख्मानं विचारलं.

श्यामलालनं मान खाली घातली. “काल संध्याकाळपासून. मुनीमजी म्हणाले, हल्ये आणायला दिवस मोडतो.”

 रुख्माचा राग इतका मोठा झाला होता की तो तोंडातून निघेना. तिनं लोटा उचलला आणि हिरालालच्या दिशेनं फेकला. नेम चुकला. तो छत्रीला लागला आणि छत्री उलटी झाली.

पाटलांचे हल्ये आले. गाड्याची लोखंडी साखळी येनाच्या बुडाला बांधली, तिला लांब दोर जोडला. रुख्मा आणि कवडूला लोकांनी हाताला धरून उठवलं. सगळी माणसं दूर गेली. हल्ये झुकले, दोर ताणला, बूड मातीत रुतत मागं सरकलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग वर मोठा कडकडाट झाला, आणि मोहाची पूर्वेकडची जाडजूड फांदी मोडून घेत येन खाली आलं. मोहाच्या बुंध्याशी, जिथं कुऱ्हाडवाल्याला उभं राहावंच लागतं, तिथली जमीन दणकन दबली. एक चटई मातीत गाडली गेली. हंड्याचा पत्ता लागला नाही.

धूळ बसायला वेळ लागला. कवडू त्या खड्ड्याकडे बघत राहिला. रुख्मानं मोडलेल्या फांदीकडे बघितलं, तिच्यावरच्या उद्या-परवा पडणाऱ्या फुलांकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पदरानं असं पुसलं, जणू माशी बसली होती.

“बोल वो रुख्मा,” पाटील आता चांगले सावलीत येऊन, गुडघ्यासकट चटईवर बसले. “फांदी गेली तुही. भरपाई सांग.”

“भरपाई नोको,” रुख्मा म्हणाली. “जवा जवा मशीन झाडाले लागन, तवा मुनीमजी मशीनपाशी उभे राहतीन. झाड जमिनीवर निजेपर्यंत. येवढाच निवाडा द्या.”

हिरालाल म्हणाला, हे त्याचं काम नाही. पंचांनी एका आवाजात सांगितलं की आहे. पंच दोन पिढ्यांत पहिल्यांदा एकमतानं बोलले होते. त्यांनाही नवल वाटलं. हल्ये आणि मजूर दोन्ही गावचेच होते. हिरालालला मान्य करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मा फुलं वेचून परत जात होती. पुढच्या येनापाशी इंजिन बंद होतं. श्यामलाल मान मागं टाकून शेंडा बघत होता. कवडू आणि दुसरे तिघे बाजूला बिड्या ओढत बसले होते. आणि हिरालाल, धोतर खोचून, घामाघूम, झाडाच्या मागच्या बाजूला पळसाच्या डहाळ्यांनी वाट झाडत होता. झुडपं उपटत होता, दगड बाजूला लोटत होता. एकटा माणूस पळेल एवढी वाट झाली होती.

रुख्मा थांबली. कपाळावर आठी तशीच होती.

“आनखी रुंद करा जी,” ती म्हणाली. “पळनारे तुमी एकटे नाई.”

हिरालालनं तिच्याकडे बघितलं, मग बिडी ओढणाऱ्या चौघांकडे. मग वाकून डहाळी पुन्हा हातात घेतली.