गुरुवारचा दुधी

वैजनाथने दुधीच्या देठाशी अंगठ्याचं नख हलकेच टोचलं. नख अलगद आत गेलं.

"कवळा हाय, बाई. अजून भरंल. गुरुवारी काढू. त्याच्या पुढं गेला की जून व्हतो."

सरोजिनीबाईंनी वहीत तसं लिहून घेतलं. वाघोलीच्या त्या सोसायटीतली गच्चीवरची भाजीबाग म्हणजे या निवृत्त शिक्षिकेची हौस. पण बागेत जीव आला तो सहा महिन्यांपूर्वी वैजनाथ माळी म्हणून लागल्यावर. भेंडीचं टोक कट्‌कन मोडलं पाहिजे, वांग्याची चकाकी गेली की आत बी धरलं म्हणून समजायचं, हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं. कुठे शिकलात हो, असं बाई कौतुकाने विचारत. सरकारी शेतावर, एवढंच तो सांगे.

ते खोटं नव्हतं. बांधावरून झालेल्या मारामारीत त्याच्या काठीने चुलतभाऊ मेला आणि वैजनाथची चौदा वर्षं येरवड्याला गेली. त्यातली शेवटची नऊ तुरुंगाच्या शेतावर.

बुधवारी कामगारांच्या पोलीस पडताळणीचे कागद आले. संध्याकाळी कमिटी बसली. गुरुवारी सकाळी वैजनाथ आला, तर वॉचमनने त्याला फाटकातच थांबवलं. थोड्या वेळाने बाई स्वतः खाली आल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या, माझं काही म्हणणं नाही, पण सोसायटीत मुलंबाळं आहेत, लोक घाबरतात. मीटिंगमध्ये आपण काय बोललो, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

"आज दुधी काढायचाय, बाई."

"काढू आम्ही."

"देठ ठिवून काढा. वेल वढू नका."

तो बिबवेवाडीला बहिणीकडे राहायचा. आठवडाभराने जवळच्याच मार्केट यार्डात, एका गाळ्यावर त्याला पोती उतरवायचं काम मिळालं.

तिथेच एका दुपारी फोन वाजला. बाई अगदी हळू बोलत होत्या. दुधी काढायला कुणाला सवडच झाली नाही. रविवारी काढला, तर आत नुसत्या बिया आणि चोथा. आता वांग्यांचं काही कळत नव्हतं. चकाकी आहे का अजून, असं त्याने विचारलं. जरा कमी झालीये, त्या म्हणाल्या. मग आजच काढा, हाताने ओढू नका, कात्रीने काढा, झाडावर ठेवलीत तर पुढची फुलं धरणार नाहीत, असं सगळं त्याने सावकाश सांगितलं. पलीकडे त्या लिहून घेत असाव्यात. मध्येच एकदा त्यांनी त्याला थांबायला सांगितलं.

"आणि वैजनाथ, मी फोन केल्याचं कुणाला कळायला नको. एवढं सांभाळाल ना?"

जिथे आता त्याला फाटकातून आत घेत नव्हते, तिथल्या कुणाला तो काय सांगणार होता?

"न्हाई कळणार, बाई."

टेंपोवर उभ्या असलेल्या हमालाने विचारलं, कुणाचा फोन होता एवढा वेळ?

"राँग नंबर," वैजनाथ म्हणाला, आणि कांद्याच्या पोत्यासाठी त्याने पाठ वाकवली.