धाकटीचा ताप

मी काम करते त्या प्रयोगशाळेत धाकट्या बहिणीच्या रक्ताची स्लाइड मी पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मोठ्या, दाणेदार पांढऱ्या पेशी नको तितक्या वाढल्या होत्या. पुढच्या तपासणीत त्या 'नॅचरल किलर' पेशी ठरल्या, एरवी विषाणूंशी लढणाऱ्या.

डॉक्टर म्हणाले, "बऱ्याचदा त्या वर्षानुवर्षं गप्प बसतात. पण सोबत ताप असेल, तर आजार झपाट्याने वाढणारा असू शकतो."

धाकटी आली तशी मी तिच्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि नामस्मरण करत बसले. ताप नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

ती हसली. "ताई, रोज संध्याकाळी अंग तापतं गं. पण तू लगेच देव पाण्यात घालून बसतेस, म्हणून आज तापाची गोळी घेऊनच आले!"

डॉक्टरांच्या दाराकडे माझं पाऊल उचलेना.