नाकनानांचा निर्वाळा

नाकनानांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथून कधी बाहेर पडलं नाही. बावीस वर्षं ते जमिनीला भोकं पाडून दूषित मातीचे नमुने गोळा करत होते. माती हुंगायची नाही, असा सक्त नियम होता. वाफ मोजायचं यंत्र दिलेलं होतं. ते नाना खोक्यात ठेवत आणि माती नाकाला लावत. सहा मीटर मातीतल्या दोनच मुठी प्रयोगशाळेत जायच्या. त्या कुठल्या, हे नाक ठरवायचं, आणि प्रयोगशाळा आजवर नाकाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी नानांना सर्दी झाली. सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. बायकोला याचा पत्ता लागला तो दूध करपून पातेलं काळं झालं आणि नाना शेजारीच पेपर वाचत बसलेले सापडले तेव्हा.

"ऑफिसात सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगतो," नाना म्हणाले, आणि दोन महिने रोज हेच म्हणत राहिले. नाक नसलेल्या नाकनानांना कोण विचारणार, ही भीती त्यांना खात होती. यंत्र बाहेर काढावं तर ड्रिलिंगचा मिस्त्री कारण विचारणार. म्हणून ते हुंगल्याचं सोंग करत, जरा जास्तच आठ्या घालून.

त्या दिवशी बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागे काम होतं. भिंतीपलीकडच्या घरात बोअर होती, आणि तिचं पाणी प्यायचं की नाही हे या भोकावर ठरणार होतं. घरातल्या काकू स्टुलावर चढून भिंतीवरून बघत होत्या. मिस्त्रीने चार मीटरवरची माती नळीतून काढून अदबीने पुढे धरली.

नानांनी डोळे मिटून हुंगली. "स्वच्छ."

मिस्त्री क्षणभर घुटमळला. मग भिंतीकडे वळून म्हणाला, "काकू, नाना स्वच्छ म्हणतायत."

"मग वापरू ना? लांबून पाणी आणून खांदे गेलेत माझे."

"बिनधास्त वापरा. रिपोर्ट काय, नुसता कागद असतो."

काकू उतरल्या. मिस्त्रीने मशीन बंद केलं, हातमोजे काढले आणि नानांशेजारी येऊन बसला.

"नाना, उद्या सुट्टी द्या. डॉक्टरकडे जायचंय."

"का रे?"

"नाक बिघडलंय. तुम्ही स्वच्छ म्हणता त्या मातीला मला पेट्रोलचा वास येतो. महिना झाला. आज तर डोळे चुरचुरले. बायको म्हणते, मेंदूत काहीतरी असेल." तो हातमोजे चाळवत राहिला. "तसं निघालं तर मला मशीनवर ठेवणार नाहीत."

माणूस खरोखर घाबरला होता. नानांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"तुझं नाक ठणठणीत आहे," ते म्हणाले. "माझं गेलंय."

मिस्त्रीचा चेहरा आधी खुलला, मग हळूहळू उतरला.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"दोन महिन्यांत अकरा भोकं पाडली आपण."

"हो."

"याआधी सात ठिकाणी मी लोकांना पाणी वापरा म्हणून सांगितलंय. तुमच्या जिवावर."

भिंतीपलीकडे मोटर सुरू झाली आणि बादलीत पाणी पडू लागलं. मिस्त्री ताडकन उठला. नानांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. सातही घरी जावं लागणार होतं, आणि काकूंचं हे आठवं होतं. ते भिंतीपाशी जाऊन टाचा उंचावून उभे राहिले. काकू नातवाला पेला देत होत्या.

"काकू, ते पाणी ओतून टाका. चूक माझी आहे. मला वासच येत नाही."

काकूंनी नातवाच्या तोंडाजवळचा पेला काढून घेतला आणि हुंगला.

"मला येतोय," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून येतोय. पण तुम्ही तपासलं होतं ना."