एक ठोका म्हणजे चल

बुधवार, ९ जून २०२१, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. छावणीतल्या मैदानाकडेला उभ्या असलेल्या शिकाऊ मोटारीत माणसे दोन: स्टिअरिंगवर दीपमाला आणि मागच्या सीटवर, तिरक्या कोनात, कय्युमभाई.

शिकवणाऱ्याने मागे बसावे, काचा उघड्या ठेवाव्यात आणि गाडीत मोठ्याने बोलू नये, असा करोनाच्या नियमांचा कागद मोटार स्कूलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला होता. इतरांनी तो पाहून न पाहिल्यासारखा केला. कय्युमभाई मात्र तंत्रनिकेतनात शिकलेले. सूचनापत्र वाचल्याशिवाय त्यांनी जन्मात स्क्रूला हात लावला नव्हता. पुढच्या डाव्या सीटपाशी असलेल्या जादा ब्रेकला अर्ध्या इंचाचा पाइप जोडून तो त्यांनी मागपर्यंत आणला, आणि बोलण्याचे काम ठोक्यांकडे सोपवले. खिडकीतून हात काढून टपावर एक ठोका म्हणजे चल. दोन म्हणजे थांब.

“चाचा, एष्टीत उलटं असतंय की,” दीपमाला म्हणाली. “दोन घंट्या म्हणजे चला.”

“एष्टीत कंडक्टर हाय, इथं मी हाय. एक ठोका चुकून बी पडतो, बेटा. चुकून ब्रेक लागला तर मागचा ट्रक आपल्या मांडीवर येईल.”

“आन् चुकून चालली तर?”

“चालायलाच तर शिकायलीस!”

या तर्कापुढे दीपमालाने हात टेकले. वाद घालायला सवडही नव्हती. ती बिडकीनच्या आरोग्य केंद्रात कंत्राटी परिचारिका. तिला नेणारी जीप पंधरा तारखेपासून बंद होणार होती, एसटीचा भरवसा उरला नव्हता, आणि वेळेवर येणे जमत नसेल तर दुसरी बघू, असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले होते. दारात दिराची जुनी मारुती होती. नव्हता तो परवाना.

शुक्रवारी चाचणी झाली. निरीक्षक साहेब नियमाप्रमाणे गाडीबाहेर उभे होते. तोंडाला मास्क, वर प्लॅस्टिकचा पडदा. शिकवणाऱ्यांनी दोरीपलीकडे राहायचे आणि उमेदवाराशी अवाक्षर बोलायचे नाही. दोरी डांबराच्या रिकाम्या पिंपांना बांधलेली. तीनदा सांगूनही गाडी हलली नाही, तर नापास.

दीपमालाने इंजिन सुरू केले. साहेबांनी अख्खा महाराष्ट्र मारतो तशा टपावर दोन थापा मारल्या. दीपमालाने ब्रेक दाबला.

“अहो ताई, चला की!” साहेबांचे शब्द पडद्याआडच विरले, थापा तेवढ्या पोचल्या. पुन्हा दोन. दीपमालाने ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले.

साहेबांचा हात तिसऱ्यांदा उठला. कय्युमभाईंनी तोंड उघडले, नियम आठवला, तोंड मिटले. मग हातातली छत्री उलटी धरून तिच्या मुठीचा एकच टोला त्यांनी पिंपावर हाणला.

ढण्ण!

गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली.

“कोणी वाजवलं ते?”

“मी, साहेब. पण बोललो नाय.”

“इथं काय सर्कस चाललीय का?”

“नाय, साहेब. एक ठोका म्हणजे चल.”

“आणि दोन?”

“थांब. आपण दोनदा थांबवलं, ती दोनदा थांबली. पोरगी लई आज्ञाधारक.”

साहेबांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिले. “अहो, पण एष्टीत तर...”

“एष्टीत कंडक्टर असतो, साहेब.”

साहेबांनी पिंप वाजवण्याविरुद्धचे कलम हातातल्या कागदात शोधले. ते सापडले नाही. तोवर गाडीने आठचा आकडा पुरा केला होता आणि ती पांढऱ्या रेषेकडे येत होती. कय्युमभाईंनी दोन टोल्यांसाठी छत्री उगारली; पण पहिला पडण्याआधीच गाडी रेषेवर थांबली, आपणहून. उगारलेल्या छत्रीचे काय करावे, हे कय्युमभाईंना कळेना. ऊन नव्हते, तरी त्यांनी ती उघडली.

साहेबांनी सही केली.

मंगळवार, १५ जून, सकाळी सात वाजून पाच मिनिटे. कय्युमभाईंच्या मोटार स्कूलसमोरून बिडकीनला निघालेली जुनी मारुती गेली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याने टपावर एक ठोका दिला.

गाडीत माणसे: एक.