उलटे दात

“सांधा आधी कोरडा बसवून बघ, मगच खुंटी ठोक,” असं माझे सासरे सांगत. ते जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझे यजमान शिवयोगी ते कधी मोडत नसत. शुक्रवार पेठेत हातमागाचं लाकूडकाम करायचे. विणकराला मागावर बसवून, त्याचा हात कुठवर पोचतो ते बघून मगच खुंट्या ठोकायचे.

दुष्काळानंतर हिप्परग्याचा तलाव पुन्हा भरला आणि तिथला हरिबा आमच्याकडे आला. दुष्काळात खडी फोडून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता.

“अण्णा, एका दोराला आट पिंजरे असत्यात. बुडायला आत दगडं, वर झिंगे, खेकडं. हातानं वडवत न्हाय आता. होडीत बसंल असा रहाट द्या की करून. न्हायतर धंदा बंद.”

मी पूजेवरून उठून दाराशी आले. “गळ्यात लिंग बांधून जीव धरायचं यंत्र करणार व्हय?”

हरिबा हसला. “अक्का, जीव पिंजरं धरत्यात. रहाट नुस्ता वर वडंल.”

यजमान एवढंच म्हणाले, “त्याचा खांदाही देवानंच दिलाय की.”

एका मोडक्या मागाची तूर त्यांनी घेतली, विणलेलं कापड जिच्यावर गुंडाळलं जातं ते लाकूड. तिला दांडा लावला, दातेरी चाक बसवलं, वर दातांत अडकणारी खिटी. म्हणजे ओझं मागे घसरायला नको.

“एकदा होडीत बसून बगा की, अण्णा.”

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, “मासळीच्या होडीत पाय ठेवून मठात कुठल्या तोंडानं जाणार?”

ते गेले नाहीत. अंगणातच खुंट्या ठोकल्या.

हरिबा रहाट घेऊन गेला त्याच्या पाचव्या दिवशी त्याची बायको फुलाबाई आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“दांडा फिरंचना, अण्णा. खिटी आडवी यायची. म्हून त्येंनी ती वर बांदून टाकली. पिंजरं निम्मं वर आलं आन् दांडा सुटला. मनगट मोडलं की हो.”

यजमानांनी हातातली पटाशी खाली ठेवली.

“भांडाया न्हाय आले. त्येंनी बजावलंय, अण्णाला बोल लावू नको म्हून. पर पिंजरं पाण्यात हायत. मी एकटी होडी धरू, का दांडा फिरवू?”

मागावर कापड वरून येतं. पाण्यातला दोर खालून येतो. दात उलटे बसले होते. होडीत घटकाभर बसले असते तर त्यांना ते कळलं असतं.

त्याच पावली ते तिच्याबरोबर गेले. दिवेलागणीला परतले तेव्हा धोतराला मासळीचा वास येत होता.

“चाक फिरवून बसवलं,” ते म्हणाले. “पण हरिबाचा हात दीड महिना बांधलेला राहणार. तोवर रोज सकाळी दांडा मी फिरवीन, असं सांगून आलोय.”

“आणि मठ?”

“दाराशी बसेन.”

मीच अडवलं होतं, एवढे तीन शब्दही माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्यांनीही तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना त्यांनी आंघोळ केली, लिंगपूजा केली, कपाळाला भस्म लावलं. मी भाकऱ्या बांधल्या. तीन माणसांच्या. फडकं हातात घेतल्यावर त्यांनी वजन जोखलं, माझ्याकडे बघितलं आणि सायकल बाहेर काढली.

समोरचे महादेवप्पा सडा मारून उभे होते. “काय शिवयोगी, एवढ्या लवकर? कुणाचा माग?”

“माग नव्हे,” यजमान म्हणाले. “हिप्परग्याला चाललोय. पिंजरे ओढायला.”

महादेवप्पांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. यजमानांनी सदऱ्याआडचं लिंग एकदा चाचपलं आणि सायकलवर टांग टाकली.